अडतीस पुड्या

कुसरोलीच्या काळनाथाच्या सभामंडपात मान वर केली की छत दिसत नाही, दोरे दिसतात. काळ्या लोकरीचे, वीतभर लांबीचे, तुळयांवरच्या खुंट्यांना घोसाघोसांनी लोंबणारे. मी ते पहिल्यांदा मोजले तेव्हा चौथीत होते आणि तीनशेच्या पुढे गडबडले. दुसऱ्यांदा मोजले ते या एप्रिलमध्ये, शिडीवर चढून, घोसागणिक खडूची खूण करत. दोन हजार एकशे सत्तावीस भरले.

त्यातला एकेक दोरा म्हणजे एकेक वाचलेला माणूस. आमच्या बारा वाड्यांत कुणाला साप किंवा विंचू चावला, तर त्याला आधी देवळात आणतात. गुरव काळा दोरा जखमेवरून तीनदा फिरवतो, जखमेच्या वरच्या अंगाला बांधतो, कपाळाला अंगारा लावतो आणि पथ्य सांगतो. तीन दिवस झोपायचं नाही, मीठ खायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही. माणूस बरा झाला की अमावास्येला येऊन दोरा सोडतो, मग तो खुंटीवर जातो. काळनाथाच्या दारात आलेला माणूस मरत नाही, असं बारा वाड्यांत मानतात.

गुरव म्हणजे माझे आबा, वडील केरबा गुरव. मी त्यांची एकुलती मुलगी, तृप्ती. जीवरसायनात एमएस्सी करून पुण्याच्या एका संस्थेत विषांवर काम करते. या एप्रिलमध्ये मी सुट्टी घेऊन घरी आले ती डॉक्टर नसरीन बागवान यांच्या एका फोनमुळे. त्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर.

"शून्य," मी केंद्रात जाताच त्या म्हणाल्या आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "पाच वर्षांत कुसरोली केंद्राच्या हद्दीत सर्पदंशाने मृत्यू: शून्य. विंचवानेही शून्य. काय आरोग्यवान लोक आहेत!"

"मग यात वाईट काय?"

"वाईट हे, की एक जूनला माझा साठा जातोय."

राज्याने दोन वर्षांपूर्वी नवं प्रतिविष आणलं होतं. जुन्यासारखं घोड्याच्या रक्तातून काढलेलं नाही, प्रयोगशाळेत घडवलेलं. त्याची विपरीत प्रतिक्रिया जवळजवळ येत नाही. पण ते कमी बनतं. म्हणून कुठल्या केंद्राला किती द्यायचं हे एक गणिती प्रणाली ठरवते, गेल्या पाच वर्षांच्या मृत्युनोंदी वाचून. जिथे माणसं मरतात तिथे औषध जातं. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की चूक शोधायला वेळ लागतो.

"मी इथे चार वर्षं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्या खाटेवर सर्पदंशाने एकही गेलं नाही, हे खरं आहे. जे गेले ते माझ्या खाटेपर्यंत पोचलेच नाहीत. हे बघ. बावीस वर्षांची बाई, झोपेत हृदय बंद पडून. पुढच्याच ओळीत नऊ वर्षांचा मुलगा, पोटात दुखून, मग हृदय बंद पडून. मग एक गडी, तीस वर्षांचा. इथली हृदयं फार लवकर दमतात, तृप्ती."

"मण्यार."

"मलाही तेच वाटतं. पण प्रणालीला माझं वाटणं वाचता येत नाही. तुझ्या डब्याला काही वाचता येईल का?"

आमच्या यंत्राचं संस्थेच्या कागदांवरचं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला डबा म्हणतो, कारण तो जेवणाच्या डब्याएवढाच आहे. सापाचं विष म्हणजे मुख्यतः प्रथिनं. ओली प्रथिनं लवकर नासतात, पण विष वाळलं की त्याचा काचेसारखा थर होतो आणि कोरडं राहिलं तर ते वर्षानुवर्षं ओळखता येतं. ओळखण्याचं काम प्रतिपिंडं करतात. आपल्या रक्तातली प्रतिपिंडं मोठी आणि नाजूक असतात, उन्हाळ्यात मोडून पडतात. उंटाच्या रक्तात मात्र त्यांची एक साधी, आटोपशीर जात असते. तिचं नुसतं टोक घेतलं तरी ते विषाला धरून ठेवतं, आणि कुसरोलीच्या मे महिन्यातही टिकतं. डब्यातल्या कागदी पट्टीवर अशा टोकांच्या पाच रेघा आहेत: नाग, मण्यार, घोणस, फुरसं, विंचू. धाग्याचा एक तंतू मिठाच्या पाण्याच्या थेंबात भिजवायचा आणि थेंब पट्टीवर सोडायचा. विष असेल त्याची रेघ निळी होते, डबा निळेपणा मोजतो. मोठ्या विहिरीत चिमूटभर साखर टाकून ढवळली, तर त्या पाण्यातली साखर ओळखावी इतकं ते तीक्ष्ण आहे.

आणि आमच्या देवळात तर दोरा जखमेवरूनच तीनदा फिरवतात. असा नमुना घ्यायला सांगितलं असतं तर प्रयोगशाळेतल्या माणसानेही तो एवढ्या नेमाने घेतला नसता.

"कात्री न्हाई हां," आबा शिडीखालून ओरडले. "देवाच्या दोऱ्याला लोखंड लागत न्हाई."

"मग तंतू कसा काढू?"

"दात हाईत की."

"दुसऱ्याच्या जखमेवरून फिरलेला दोरा दातानं तोडू?"

"मग बोटानं उपट. यमेस्सी झालीस, एवढं जमंना व्हय?"

बोटाने उपटले. दर दहावा दोरा, असे दोनशे बारा. चार दिवस लागले. आबा पूजा आटोपून रोज माझ्या शेजारी येऊन बसायचे आणि रेघ उमटते का ते माझ्याआधी बघायचे. त्यांना या खेळाची गोडीच लागली होती. एकशे एक्याण्णव पट्ट्या कोऱ्या राहिल्या. चौदांवर विंचवाची रेघ आली. सापाच्या विषाची रेघ फक्त सातांवर, तीही फिकट.

"म्हंजे काय झालं?" आबांनी विचारलं.

मी जपून सांगितलं. समईचा धूर, दमट हवा, यामुळे जुन्या दोऱ्यांतलं विष नासलंही असेल. पण गेल्या दोन वर्षांतले दोरेही कोरेच निघाले होते. बहुतेकांना बिनविषारी साप चावला असणार, किंवा विषारी सापाने विष न सोडताच चावा घेतला असणार. तसं बऱ्याचदा होतं. "हे लोक देवळात आले नसते तरी वाचले असते, आबा."

ते समई पुसत होते. पुसतच राहिले.

"म्हंजे जगणाऱ्यांनाच जगवत आलो म्हण की मी. सव्वीस वर्षं."

पण प्रश्न अर्धाच सुटला होता, आणि प्रश्न अर्धवट टाकणं मला जमत नाही. "हे सगळे परत आलेल्यांचे दोरे आहेत," मी म्हटलं. "जे दोरा सोडायला आले नाहीत, त्यांचे कुठे आहेत?"

"जो येत न्हाई त्याचं मला काय ठावं?" असं म्हणून आबांनी लखलखीत समई पुन्हा पुसायला घेतली.

देवळामागे हौसाक्काचं घर आहे. देवळाचं अंगण तीच झाडते. तिची मुलगी संगी माझ्याबरोबर सहावीपर्यंत एका बाकावर बसायची. सहावीत असताना एका गुरुवारी ती शाळेत आली नाही आणि शुक्रवारी बाई म्हणाल्या, संगीता हृदयविकाराने गेली. अकरा वर्षांच्या मुलीचं हृदय बंद कसं पडतं, हा मला पडलेला पहिला शास्त्रीय प्रश्न. त्याचं उत्तर शोधत मी पुण्यापर्यंत गेले, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी अक्काकडे गेले तर तिने नको नको म्हणताना ताट वाढलं. भाकरी, उकडलेल्या डाळीचं पाणी, मीठ. तिच्या घरचं जेवण असंच असतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी मला वाटायचं तिला पोटाचा विकार आहे.

"अक्का, तू फोडणी का देत नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग चुलीतलं लाकूड पुढे सारत सांगायला लागली, जणू कधीतरी कुणीतरी विचारणार म्हणून तिने ते जुळवूनच ठेवलं होतं.

"संगी पहाटं पोटात दुखतंय म्हणून उठली. दंडावर बघितलं तर बारीक टिपका, सुई टोचल्यावानी. सूज न्हाई, रगत न्हाई. देवळात नेली. तुझ्या आबानं दोरा बांधला, पथ्य सांगितलं. दुपारच्याला पोरीच्या पापण्या मिटाय लागल्या. मी म्हटलं, झोपू नको बाय, झोपू नको. धाकटा भुकंनं रडत हुता. त्याच्यासाठी चार पाकळ्या लसणाच्या तेलात टाकल्या. चारच. सांजंला पोर गेली."

"आणि कागदावर हृदयविकार?"

"पोलीसपाटलानं विचारलं तवा आमचे मालक म्हणाले, हार्ट बंद पडलं. दुसरं काय सांगायचं? आईनं पथ्य मोडलं म्हणून सांगायचं?"

मण्यारीचं विष नसांवर काम करतं. पोटात दुखतं, पापण्या मिटतात, मग श्वास थांबतो. लसणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी हे तिला तिथेच सांगू शकले असते. पण ते माझं म्हणणं झालं असतं, आणि तिच्याकडे पंधरा वर्षांचं स्वतःचं म्हणणं होतं.

"तिचा दोरा, अक्का? तो तिच्याबरोबरच..."

"देवाचा दोरा कोण जाळतंय? तुझ्या आबानंच सोडवून नेला की."

आबांना मी काही विचारलंच नाही. नुसती जाऊन समोर बसले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, उठले, गाभाऱ्यामागच्या कोनाड्यातून तांब्याची कळशी आणली आणि तिच्या तोंडावरचं फडकं सोडलं.

आत कागदाच्या पुड्या होत्या. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरची ती पानं. आबा अंगाऱ्याच्या पुड्या त्याच पानांच्या बांधतात, कारण कागद दुसरा नसतो. प्रत्येक पुडीत चिमूटभर अंगारा आणि एक काळा दोरा. पानावर छापलेली तारीख, वार, तिथी, सूर्योदयाची वेळ. मागे पेन्सिलीने, आबांच्या वाकड्या अक्षरात: नाव, वाडी, कुठं चावलं, किती वाजता आणलं, कधी गेलं.

"मेलेल्या माणसाचा दोरा नदीत सोडायचा असतोय," आबा म्हणाले. "पहिला घेऊन गेलो. जगू मेस्त्रीच्या बापाचा. पाण्यात हात घातला आणि वाटलं, ह्यो वाहून गेला की हा माणूस माझ्या दारात आला हुता, हे माझ्याबिगर कुणाला ठावं राहणार न्हाई. तसाच माघारी आलो."

मी मोजल्या. अडतीस. वाळलेली राख ओलावा शोषून घेते, तांब्याच्या भांड्याचं तोंड घट्ट बांधलेलं. सव्वीस वर्षं कुणी मुद्दाम ठेवायचे म्हटले असते तरी नमुने यापेक्षा चांगले राहिले नसते. माझ्या डोक्यात हेच चाललं होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

"सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगू? हितं आलेला माणूस मरतो म्हणून? मग दुसऱ्या दिवशी कोण आलं असतं?"

"कोणी आलं नसतं तर दवाखान्यात गेले असते, आबा."

मी हे बोलायला नको होतं. किंवा फार आधी बोलायला हवं होतं. त्यांनी पुड्या एकेक करून पुन्हा कळशीत ठेवल्या, हळू, अंडी ठेवावीत तशा.

"तेबी ठावं हाय मला," ते म्हणाले. आणि कळशीला फडकं बांधत, "तुझ्या डब्यात घालायच्या तर त्या त्या घराला इचारून. आणि इचारायला मी जाणार. तू न्हाई."

पहिलं घर हौसाक्काचं. पडवीत डबा ठेवला. आबांनी पुडी उघडली. गुरुवारचं पान. दोरा बघताच अक्काने पदर तोंडाला लावला. तो संगीच्या दंडाच्या मापाचा होता, फारच लहान. मी बोटाने एक तंतू उपटला, थेंबात भिजवला.

"किती येळ?" अक्काने विचारलं.

"सहा मिनिटं."

बाहेर कोंबड्या उकरत होत्या. चौथ्या मिनिटाला दुसरी रेघ दिसायला लागली, सहाव्याला शाईने ओढल्यासारखी गडद झाली. मी अक्काला ती दाखवली. सांगितलं की ही मण्यारीची रेघ, ही फक्त मण्यारीच्या विषाने येते. तिचे दात इतके बारीक की डास चावल्यासारखंच वाटतं. देवळात आणली तेव्हाच विष अंगात भिनलेलं होतं. त्यानंतर घरात काय शिजलं, कशात शिजलं, याने काहीही फरक पडला नसता. "औषध टोचलं असतं, श्वासाचं यंत्र लावलं असतं, तर कदाचित वाचली असती. तुझ्या हातात त्यातलं काही नव्हतं."

ती रेघेकडे बघत राहिली. मग आबांकडे वळली.

"केरबादा, पोर गेली त्या सांजंला तू मला काय म्हटला हुतास?"

आबांची मान खाली होती. "पथ्य मोडलं असशील, असं म्हटलं हुतं."

"मी व्हय म्हटलं."

"व्हय म्हटलीस. आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हौसा. माझ्या हातनं गेली न्हाई, असं वाटलं."

मला वाटलं, ती आता ओरडेल. डबा उलथून टाकेल. तिने पदराने डोळे पुसले.

"आणि कितीजणींना सांगितलंस असं?"

"समद्यांना."

"मग हितं काय बसलास?" हौसाक्का म्हणाली. "जा की."

ते गेले. एप्रिलचे उरलेले दिवस आणि मे महिना, सकाळची पूजा झाली की कळशी काखेला मारून आबा वाड्यावाड्यांनी फिरत होते. एका घराने कुत्रं अंगावर सोडलं. दोन घरं मुंबईला गेलेली, त्यांचा पत्ता लागला नाही. बाकी पस्तीस घरांनी होकार दिला. कुठे काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी परत आले की पाय धुवायचे आणि नुसते बसून राहायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे.

तपासणी आम्ही आरोग्य केंद्रात केली, आणि आंधळी केली. पस्तीस दोऱ्यांत डॉक्टर बागवानांनी पस्तीस नवे, राखेत घोळलेले, कुणालाच न बांधलेले दोरे मिसळले आणि सगळ्यांना आकडे दिले. कोणता कुठला हे मला माहीत नव्हतं. निकाल लावल्यावर त्यांनी यादी उघडली. नवे पस्तीस कोरे होते. जुन्यांतल्या एकतिसांत विष सापडलं: चोवीस मण्यार, पाच घोणस, दोन नाग. चारांत काही सापडलं नाही. त्यांच्यापुढे मी लिहिलं, 'सांगता येत नाही'. खरोखरच सांगता येत नव्हतं.

मग आम्ही पुड्यांवरच्या तारखा सरकारी नोंदींशी ताडून बघितल्या. पस्तीसपैकी सर्पदंश म्हणून नोंद होती दोघांची, तीही फार जुनी. सत्तावीसजण हृदय, पोट, ताप असल्या कारणांनी गेले होते. सहाजणांची तर मृत्यूची नोंदच नव्हती. कागदावर ते अजून जिवंत होते. आणि ज्या पाच वर्षांपुढे शून्य लिहिलं होतं, त्या पाच वर्षांतल्या सात पुड्यांत विष निघालं होतं.

"म्हणजे सर्वांत विश्वासाची नोंदवही कळशीत होती," डॉक्टर म्हणाल्या. "आणि सर्वांत महागडी माझ्या टेबलावर."

देवस्थानच्या विश्वस्तांची सभा त्याच आठवड्यात झाली. अध्यक्ष रेडेकर अण्णा रागाने लाल झाले होते. "केरबा, बाराशे वर्षांच्या देवाची अब्रू काढलीस. पूजेचा मान दुसऱ्या घरी द्यायला लागंल."

"द्या," आबा म्हणाले. "ज्याला द्याल त्याला ही कळशीबी द्या. आणि त्याला सांगा, पुढची पुडी त्यानं बांधायची हाय."

मागून हौसाक्काचा आवाज आला. बायका सभेत बोलत नाहीत, त्यातून ती झाडणारी. "अण्णा, मी त्या अंगणात पंधरा वर्षं खालमानेनं झाडू मारला. देवाची अब्रू काय आमच्या मानंवर उभी हाय व्हय?" तिच्यामागे आणखी बायका उभ्या होत्या. रेडेकर अण्णांनी चहा मागवला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. ती पुढची सभा अजून झालेली नाही.

जिल्ह्याच्या समितीपुढे जायला मला जास्त भीती वाटत होती. मृत्यूचं कारण लोकरीच्या दोऱ्यावरून बदला, असं म्हणायला आम्ही गेलो होतो. एका अधिकाऱ्याने विचारलं, "हा दोरा त्याच माणसाचा कशावरून?" मी रक्ताच्या डागांबद्दल, जनुकांच्या खुणांबद्दल सांगायला सुरुवात केली. आबांनी मला थांबवलं. कळशीतून एक पुडी काढली आणि न उघडता, डोळे मिटून, मागे लिहिलेलं म्हणून दाखवलं. नाव, वाडी, पायाची डावी करंगळी, सकाळचे आठ. अधिकाऱ्याने पुडी पालथी करून वाचली. मग दुसरी काढायला लावली. मग तिसरी. सहाव्या पुडीनंतर त्यांनी कळशी बाजूला सरकवली आणि पाणी मागितलं.

जुने दाखले त्यांनी खोडले नाहीत. विष सापडलेल्या प्रत्येकाच्या नावाशेजारी नवी ओळ आली, बहुतेकांची अशी: 'सर्पदंश, बहुधा मण्यार. पुरावा: दोरा.' सहा न नोंदलेले लोक, मरून कित्येक वर्षांनी, एकदाचे गेले. कुसरोलीचा साठा जागच्या जागी राहिला. आणि प्रणालीत एक छोटा बदल झाला, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आता एखाद्या केंद्रापुढे शून्य आलं की ती ते तसंच गिळत नाही. ती विचारते, तुमच्याकडे साप चावलेला माणूस आधी कुठे जातो? डॉक्टर बागवान म्हणाल्या, त्यांच्या आजोळी दर्ग्यात असेच दोरे आहेत, हिरवे. पुढच्या उन्हाळ्यात डबा तिकडे जाणार आहे.

संस्थेत आम्ही जूनभर एकाच गोष्टीवर काम केलं. पट्टी डब्यात कशाला हवी? उंटाची ती टोकं धाग्यातच विणली तर? आबांची अट होती की दोरा काळाच हवा, आणि काळ्यावर निळं दिसत नाही. दोन आठवडे फोनवर भांडण झालं. शेवटी पांढरा सुती दोरा ठरला, दोन्ही टोकं काळी, मधे प्रत्येक विषाची एक गाठ. जखमेवरून तीनदा फिरवायचा, ते तसंच. सहा मिनिटांत कुठल्या गाठीशी निळं उमटतं त्यावरून साप कळतो. पण त्याच्याही आधी आबा देवळाच्या खांबावर नवं बसवलेलं बटण दाबतात आणि रुग्णवाहिका निघते. रंग येवो न येवो, गाडी येतेच, कारण दोरा चुकू शकतो. विष सापडलं नाही म्हणजे विष नाहीच, असं होत नाही. हे वाक्य आबा आता माझ्यापेक्षा चांगलं समजावतात. अंगारा आहेच. पथ्य मात्र एकच उरलंय: हातपाय हलवायचे नाहीत.

श्रावण संपेपर्यंत अकराजण आले. चौघांच्या दोऱ्यावर निळं उमटलं. त्यातली एक लावणीच्या चिखलातून उचलून आणलेली चौदा वर्षांची मुलगी होती. मण्यारीच्या गाठीशी निळं, पापण्या मिटत आलेल्या. तिला डॉक्टरांनी दोन दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. अमावास्येला चौघंही आपापल्या पायांनी दोरा सोडायला आले, आणि मी ते बघायला खास पुण्याहून आले होते.

सकाळची वेळ. आबा नव्या वहीत नावं लिहीत होते, मी शेजारी बसून तारखा ताडत होते. सरकारनं छापील वही दिलीय, तरी ते त्या दिवसाचं कॅलेंडरचं पान फाडून वहीत डकवतातच. त्या मुलीचा दोरा खुंटीवर चढला. तिची आई पाया पडून गेली.

तेवढ्यात आबांना ठसका लागला. मग मलाही. डोळ्यांत पाणी आलं.

"कोण मिरच्या जाळतंय सकाळी सकाळी?" आबा खोकत म्हणाले. "दार लाव जरा."

मी उठले. देवळाच्या मागच्या दारापाशी गेले आणि तिथेच थांबले. हौसाक्काच्या छपरातून धूर येत होता. तेलात मोहरी तडतडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि मागोमाग लसणाचा वास.

"आबा," मी म्हटलं.

ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. पुन्हा ठसका लागला, पण त्यांनी दार लावलं नाही.

"केरबादा!" आतून हौसाक्काची हाक आली. "खोकत उभं राहू नगंस. लेकीला घिऊन ये जेवाय. आणि फोडणी करपली असंल तर सांग, माझा हात बसलेला न्हाई अजून."